बंगालच्या जमीनदाराचं स्वतंत्र महसूल खातं : पात्रता, कागद आणि मुदती

१७९३च्या कायमधाऱ्याने बंगालच्या जमीनदाराचा सारा कायमचा ठरला. पण नेमल्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत तो भरला नाही, तर जमीनदारी लिलावात निघायची. खातं सामाईक असलं की एका भावाने थकवायचं आणि चौघांनी जमीन गमवायची. यावर इलाज होता १८५९च्या अकराव्या कायद्याच्या (थकलेल्या साऱ्यापायी होणाऱ्या लिलावांचा कायदा) कलम १०चा : आपल्या हिश्शापुरतं स्वतंत्र खातं.

अर्ज करायचा हक्क फक्त नोंदलेल्या हिस्सेदाराला. गाडी अडायची ती इथेच. दायभागात, म्हणजे बंगालच्या हिंदू वारसा नियमांत, मुलाला हक्क मिळायचा बाप वारल्यावर; इतरत्र चालणाऱ्या मिताक्षरेसारखा जन्माने नाही. हिस्से त्यामुळे ठरलेले असायचे, पण कलेक्टरच्या रजिस्टरात नाव आपोआप चढत नसे. १८७६च्या जमीन नोंदणी कायद्याप्रमाणे वारसाने सहा महिन्यांत अर्ज द्यायचा होता. नोंद नसलेल्या मालकाला कूळ खंड द्यायला बांधील नव्हतं. म्हणजे खालून वसुली बंद आणि वर सारा चालूच! नवऱ्याचा हिस्सा मिळालेल्या निपुत्रिक विधवेनेही आधी ही नोंद करून घेणं भाग होतं.

अर्जात तौजी नंबर (कलेक्टरच्या महसूल यादीतला जमीनदारीचा क्रमांक) घालायचा आणि हिस्सा काटेकोर लिहायचा. सोळा आण्यांतला सहावा हिस्सा म्हणजे २ आणे १३ गंडे १ कवडा १ क्रांत (आण्याचे २० गंडे, गंड्याचे ४ कवडे, कवड्याचे ३ क्रांत). 'अंदाजे पावणेतीन आणे' लिहिलं की भावांच्या हातात आयती हरकत. मग जाहीर नोटीस आणि सहा आठवडे वाट. तेवढ्यात एकाही नोंदलेल्या हिस्सेदाराने हक्कावर हरकत घेतली, तर कलेक्टर स्वतः निवाडा न करता सगळ्यांना दिवाणी कोर्टात धाडायचा. सारा थकवणाऱ्या भावालाच अर्ज अडवायची मुभा, हा शुद्ध अन्याय होता.

तारखांचा घोळ वेगळाच. हप्ते बंगाली महिन्यांचे, शेवटचा दिवस मात्र महसूल बोर्डाने ठरवलेला, इंग्रजी तारखेचा. २८ मार्चची मुदत चैत्रअखेर समजणारा नायब (जमीनदाराचा कारभारी) एप्रिलच्या मध्यावर पैसे घेऊन पोचायचा. सूर्यास्तानंतरच्या भरण्याने लिलाव थांबत नसे.

खातं उघडलं तरी निर्धास्त राहता येत नसे. आधी थकलेला हिस्साच लिलावात निघायचा; त्याला बाकीइतकी बोली आली नाही, तर पुन्हा अख्खी जमीनदारी लिलावात. बाकीच्यांनी दहा दिवसांत ती थकबाकी भरून तो हिस्सा घेतला तरच सुटका. तेवढी रोकड हाताशी लागायचीच. नाहीतर कलम १५खाली कलेक्टरकडे रक्कम किंवा सरकारी रोखे आधीच तारण ठेवायचे. लिलाव झालाच, तर अपील कमिशनरकडे लिलावापासून साठाव्या दिवसापर्यंत करता यायचं. कलेक्टरमार्फत पाठवायचं असलं तर पंचेचाळिसाव्या.