फरशी भिंतीला भिडते तिथे

गाव पांढरीवर, शेत काळीत. विदर्भात घर बांधणाऱ्यांनी ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. खाली दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीची भिंत, आत शेणामातीची जमीन. भिंत आणि जमीन मिळतात त्या कोपऱ्याचा वेगळा विचार कुणी केला नाही, कारण तो कोपरा दर आठवड्याला हाताखालून जायचा. सारवताना घरची बाई तिथे बोटांनी काला दाबून भिंतीवर वीतभर चढवायची. भेग पडली तर पुढच्या सारवणात बुजायची. दुरुस्ती होत होती, पण तिला दुरुस्ती म्हणत नव्हते.

मग गावठाण अपुरं पडलं आणि घरं काळीत उतरली. काळी माती पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात आक्रसते. त्यात नव्या बांधणीत भिंत पायव्यावर उभी असते आणि फरशी मुरमाच्या भरावावर. दोघींचे आधार वेगळे, म्हणून हलणंही वेगळं. भराव थर देऊन, पाणी मारून, धुम्मसने ठोकलेला नसेल तर फरशी बसते आणि भिंतीच्या कडेने फट उघडते. हिंगणघाटकडच्या एका नातेवाइकांच्या घरी उन्हाळ्यात स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीखाली, दहाचं नाणं आत सरकतं. पोळ्यापर्यंत तिथे जेमतेम कागद जातो. त्याच फटीतून उधई, म्हणजे वाळवी, वर येते.

सरकारी अनुदानाच्या घरकुलांमुळे ही बांधणी गावोगाव गेली. २०१० नंतर सपाट भागात घरामागे ४५ हजार मिळायचे, २०१३ पासून ७० हजार झाले. २०१६ च्या नव्या योजनेत रक्कम १ लाख २० हजार झाली आणि घर किमान २५ चौरस मीटरचं. हप्ता टप्प्याटप्प्याने मिळतो, जोतं वर आलं की फोटो निघतो. फोटोत जोतं दिसतं. त्याच्या माथ्यावर ओल अडवणारा थर आहे की नाही, हे त्यात कळत नाही.

खरा वाद याच थराचा. जुन्या विटांच्या कामात डीपीसी (डॅम्प प्रूफ कोर्स) ठरलेली असायची: जोत्याच्या माथ्यावर काँक्रीटचा घट्ट थर, वर डांबर. प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याशी भिंतीखालून फिरणारा सळई-काँक्रीटचा पट्टा, आला आणि प्रत्येक मिस्त्रीच्या तोंडी एकच वाक्य बसलं, ‘भाऊ, बीम हाय ना खाली, मंग डीपीसी कायले?’ हे वाक्य आकाशातून पडलेलं नाही. भूकंपरोधक बांधकामाच्या १९९३ च्या भारतीय मानकात, पायवा विटा-दगडांचा आणि जमीन मऊ किंवा असमान असेल तर जोत्याशी पट्टा घालावा असं आहे, आणि हाच पट्टा ओलीलाही अडवेल असंही म्हटलंय. तिथे नजरेसमोर मुख्यतः डोंगराळ भाग होता. आपल्याकडे बीम काळ्या मातीच्या भीतीने आला, सोबत ते जोडवाक्यही आलं.

घट्ट, नीट पाणी पाजलेलं काँक्रीट ओल बऱ्यापैकी रोखतं, हे मान्य. पण बादलीने अंदाजे पाणी ओतून कालवलेलं आणि एप्रिलच्या उन्हात दोनच दिवस भिजवलेलं काँक्रीट ओल शोषतं. शिवाय बीम फक्त भिंतीखाली असतो. फरशीखालच्या मुरमातली ओल बीमच्या वरून, प्लास्टरमध्ये शिरून भिंतीत चढते, आणि प्लास्टर फरशीपर्यंत नेलेलं असेल तर तिला आयती शिडीच मिळते. फ्लाय ॲश (कोळशाच्या राखेच्या) विटेच्या भिंतीलाही हेच लागू. बीमवाल्यांचं म्हणणं निम्मंच बरोबर आहे, आणि उरलेल्या निम्म्यात रंगाचे पोपडे निघतात.

हल्ली या सगळ्याला ‘इन्सुलेशन’ म्हणतात. या एका शब्दात तीन वेगळी कामं कोंबली आहेत. एक, ओल अडवणं. दुसरं, फरशी आणि भिंत एकमेकींना ढकलू नयेत म्हणून सांध्यात मऊ पट्टी. तिसरं, उष्णता अडवणं. फरशीच्या कडेला फोम बसवण्याची पद्धत थंड देशांतली. तिथे हिवाळ्यात घरातली ऊब कडेने बाहेरच्या गार मातीत जाते, म्हणून त्यांचा हिशेब फरशीचं क्षेत्रफळ आणि घेर यांच्या प्रमाणावर चालतो. आपलं गणित उलटं आहे. नागपूरकडे काही मीटर खालची माती वर्षभर २७-२८ अंशांच्या आसपास असते, बाहेर मे महिन्यात पारा ४५ च्या वर. उन्हाळ्यात दुपारी लोक फरशीवर आडवे होतात ते उगाच नाही. सगळ्या फरशीखाली फोम घातला तर तो गारवा आपणच तोडू. तापते ती बाहेरच्या उन्हाजवळची हात-दीड हात कड, तीही मुख्यतः पश्चिमेची. त्यावर ओटा हा जुना इलाज होता; भिंतीलगतची जमीन सावलीत राहायची आणि पावसाचं पाणीही लांब पडायचं. २५ चौरस मीटरच्या नकाशात पहिला कापला जातो तो ओटाच.

निवासी इमारतींसाठीच्या २०१८ च्या ऊर्जा संहितेत छप्पर, भिंती आणि खिडक्यांना मर्यादा घातल्या आहेत. जमिनीवर टेकलेल्या फरशीच्या कडेबद्दल त्यात काही नाही. ती जागा सध्या दुकानदार भरून काढतो. गेल्या उन्हाळ्यात त्याच नातेवाइकांकडे इन्सुलेशन म्हणून फोमचा गुंडाळा आला. मिस्त्रीने त्यातल्या पट्ट्या कापून फटीत दाबल्या, वर सिमेंट ओढलं. श्रावणात फरशी वर आली तेव्हा तेच सिमेंट पहिलं फुटलं.