स्क्रीनवर भोंगा वाजू लागला तर: खोटे इशारे आणि बिघडलेला ब्राउझर यांवर घरच्या घरी करायचे उपाय

नमस्कार.

हे पत्रक आम्ही कॉम्प्युटर दुरुस्तीच्या बिलासोबत देत आहोत. दुकानात येणाऱ्या घरगुती मशिनींपैकी बऱ्याच मशिनींचं दुखणं आता हार्डडिस्कचं किंवा रॅमचं नसतं. स्क्रीनभर लाल-निळी पाटी येते आणि भोंगा वाजतो. किंवा उजव्या कोपऱ्यातून ‘व्हायरस सापडला’ अशा चिठ्ठ्या सारख्या वर येत राहतात. नाहीतर गूगलवर काही शोधायला जावं तर भलतंच पान उघडतं. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींचे इलाज वेगळे आहेत. ग्राहक मात्र तिन्हींसाठी एकच मागणी घेऊन येतात, “फॉरमॅट मारून द्या.” बहुतेक वेळा फॉरमॅट लागत नाही. घरातले फोटो आणि हिशेबाच्या फाइली विनाकारण धोक्यात घालायला आम्हालाही आवडत नाही.

भोंगा वाजवणारी पाटी

मागच्या पावसाळ्यात आमचे जुने ग्राहक असलेले एक निवृत्त शिक्षक विष्णुसहस्रनामाची पीडीएफ शोधत होते. एका पानावर ‘डाउनलोड’ असं लिहिलेली तीन मोठी हिरवी बटणं होती, त्यातलं एक त्यांनी दाबलं. स्क्रीन निळी झाली, मायक्रोसॉफ्टसारखं दिसणारं चिन्ह आलं आणि एक बाई इंग्रजीत मोठ्याने बजावू लागली की कॉम्प्युटर बंद करू नका, तुमची बँकेची माहिती चोरीला जात आहे. माउसचा बाण दिसेना. खाली मदतीसाठी एक नंबर होता आणि काकांनी तो लावला.

पलीकडचा माणूस अतिशय नम्रपणे बोलत होता. त्याने एनीडेस्क हे दूरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर डाउनलोड करायला लावलं, मशीन ताब्यात घेतलं आणि विंडोजमधलं ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून दाखवलं. तिथे लाल फुल्या आणि पिवळे त्रिकोण यांची लांबलचक यादी होती. “बघा सर, एवढे व्हायरस आहेत.” मग कार्डाचा नंबर मागितला, तेव्हा काकांना शंका आली आणि त्यांनी घरातल्या दुसऱ्या फोनवरून आम्हाला विचारलं. तो माणूस अजून लाइनवरच होता. आम्ही एवढंच सांगितलं, “काका, आधी राउटरचं बटण बंद करा, मग बोलू.” इंटरनेट गेलं आणि त्याचा हात मशीनवरून सुटला.

लाल फुल्यांची ती यादी प्रत्येक विंडोजमध्ये असते. आमच्या दुकानातल्या कालच आणलेल्या नव्या लॅपटॉपमध्येही आहे. एखादी सेवा उशिरा सुरू झाली, प्रिंटर सापडला नाही, की विंडोज तिथे नोंद करून ठेवतं. त्या नोंदींचा व्हायरसशी काही संबंध नसतो.

आणि ती निळी स्क्रीन? ते नुसतं एक वेबपेज होतं. यूट्यूबचा व्हिडिओ जसा स्क्रीनभर मोठा होतो, तसं ते पान मोठं झालेलं असतं. त्यामुळे वरची पत्त्याची पट्टी झाकली जाते आणि खाली खोटा टास्कबार चितारलेला असतो. भोंगा ही एक ध्वनिफीत असते, आणि बाण लपवणं कुठल्याही वेबपेजला जमतं. त्या पानाने तुमचा कॉम्प्युटर तपासलेला नसतो, तुमच्या फाइली पाहिलेल्या नसतात, काही चोरलेलंही नसतं. तुम्ही फोन लावावा एवढंच त्याला हवं असतं. खरा धोका फोन लावल्यावर सुरू होतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, त्यामुळे नंबर दिसला की पाटी खोटी, इतका साधा नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

पाटी घालवायला एस्केप बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा. पान लहान झालं की वर टॅबची फुली दिसेल, ती दाबा. पानाच्या आतली ‘बंद करा’, ‘रद्द करा’ अशी बटणं मात्र दाबू नका, ती त्या पानाचाच भाग असतात. एस्केपने झालं नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात क्रोम किंवा एज, म्हणजे तुमचा ब्राउझर, निवडून ‘एंड टास्क’ करा. तेही जमलं नाही तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून मशीन बंद करा. न साठवलेलं काम जाईल, बाकी काही जात नाही.

पुढची पायरी बहुतेकांची चुकते. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर तो विचारतो, ‘आधीची पानं परत उघडू का?’ सवयीने ‘रिस्टोअर’ दाबलं की भोंगा पुन्हा सुरू होतो आणि माणूस खात्रीने म्हणतो की व्हायरस आत बसलाय. त्या प्रश्नाची फुली दाबा. काही जणांच्या ब्राउझरला न विचारता जुनी पानं उघडायची सवय लावलेली असते. अशा वेळी आधी इंटरनेट बंद करा, ब्राउझर उघडा, तो टॅब बंद करा आणि मग इंटरनेट जोडा.

हा धंदा किती मोठा आहे याची कल्पना यावी म्हणून सांगतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ मध्ये देशात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन यांनी केलेल्या तक्रारी त्यामागे होत्या, कारण त्यांच्या नावाने इथली बनावट कॉल सेंटरं परदेशातल्या लोकांना असेच पॉप-अप दाखवून फसवत होती. तेव्हा तुमची मुलं अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये असतील आणि तुम्ही काही महिने त्यांच्याकडे राहायला जात असाल, तर हे पत्रक सोबत न्या. दुपारी घरात एकटं वडीलधारं माणूस कॉम्प्युटरवर बसलेलं असतं, तिथेच हे सगळं घडतं.

कोपऱ्यातून वर येणाऱ्या चिठ्ठ्या

‘तुमच्या अँटिव्हायरसची मुदत संपली’, ‘पाच धोके सापडले’ अशी चिठ्ठी घड्याळाच्या वरच्या कोपऱ्यात येते. तिच्यावर नावाजलेल्या कंपनीचं चिन्हही असतं. चिठ्ठी नीट वाचा. बारीक अक्षरात ब्राउझरचं नाव आणि एखाद्या अनोळखी साइटचा पत्ता दिसेल. म्हणजे हा इशारा अँटिव्हायरसकडून आलेला नाही, ती त्या साइटने पाठवलेली जाहिरात आहे.

तिला परवानगी कुणीतरी आपल्याच घरातून दिलेली असते. फुकट सिनेमा किंवा क्रिकेटची मॅच दाखवणाऱ्या साइटवर ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा’ असं लिहिलेलं असतं. ते दाबलं की त्या साइटला रोज चिठ्ठ्या पाठवायची मुभा मिळते. नातवाला ओरडू नका, ते पान फसवण्यासाठीच तसं रचलेलं असतं.

इलाज दोन मिनिटांचा आहे. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘साइट सेटिंग्ज’, मग ‘नोटिफिकेशन्स’. तिथे परवानगी दिलेल्या साइटींची यादी असते. ओळखीची नसलेली प्रत्येक साइट समोरच्या तीन टिंबांवर जाऊन काढून टाका. त्याच पानावर ‘कुठल्याही साइटला सूचना पाठवू देऊ नका’ असा पर्याय आहे, तोही निवडा. घरगुती वापरात याने काहीच अडत नाही. एजमध्ये सेटिंग्जच्या शोधपेटीत ‘नोटिफिकेशन’ टाइप केलं की तीच यादी मिळते. अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्येही हेच करता येतं.

ब्राउझर दुसऱ्याच्या ताब्यात गेला असेल तर

याला थोडा वेळ द्यावा लागतो. लक्षणं अशी: नवा टॅब उघडल्यावर अनोळखी शोधपेटी दिसते. काही शोधलं की पत्त्याच्या पट्टीत क्षणभर दोन-तीन विचित्र नावं पळतात आणि शेवटी याहू किंवा बिंगचं साधं पान उघडतं. शेवटचं पान खरं असतं. मधे जी नावं पळाली, ते दलाल. तुमचा प्रत्येक शोध स्वतःच्या हातून पुढे पाठवून ते दलाली कमावतात आणि तुम्ही काय शोधता याची नोंदही ठेवू शकतात.

हे येतं कुठून? फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर, मराठी फॉन्टची कुठूनतरी उतरवलेली झिप फाइल, ‘ड्रायव्हर अपडेटर’, क्रॅक केलेलं ऑफिस. इन्स्टॉल करताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत गेलं की एखाद्या पायरीवर आधीच टिक केलेली चौकट असते आणि पाहुण्यासोबत आणखी दोघं घरात शिरतात.

काढताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ उघडा आणि यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास आलेला अनोळखी प्रोग्रॅम अनइन्स्टॉल करा. मग ब्राउझरमधल्या एक्स्टेन्शनच्या, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमच्या, यादीत जा आणि ज्याचं काम तुम्हाला सांगता येत नाही ते प्रत्येक काढा. त्यानंतर सेटिंग्जमध्ये सर्च इंजिन आणि सुरुवातीचं पान नीट करा. लोक नेमकं उलट करतात, आधी सर्च इंजिन बदलतात. आतला प्रोग्रॅम जागेवरच असतो, तो रात्रीतून पुन्हा आपलं पान आणून बसवतो. सगळं केल्यावर ब्राउझरमध्ये ‘रीसेट सेटिंग्ज’ करा. त्याने बुकमार्क, हिस्ट्री आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत, एक्स्टेन्शन बंद होतात.

तरीही तेच पान उघडत असेल तर डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ पाहा. ‘टार्गेट’ या चौकटीत शेवटी ‘क्रोम डॉट ईएक्सई’ असतं. त्यापुढे एखाद्या वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला दिसला तर तेवढाच खोडा.

एकदा एका ताईंची मशीन आम्ही तीनदा साफ केली आणि तिन्ही वेळा चार दिवसांत तेच एक्स्टेन्शन परत आलं. आम्हीही चक्रावलो. चौथ्यांदा विचारलं, “हेच जीमेल आणखी कुठे चालू आहे का?” मुलीच्या पुण्यातल्या लॅपटॉपवर होतं. तिथे ते एक्स्टेन्शन बसलेलं होतं आणि क्रोमच्या सिंकमधून, म्हणजे एकाच खात्याच्या सगळ्या मशिनींवर सारख्याच गोष्टी ठेवणाऱ्या सोयीमधून, इथे येत होतं. दोन्हीकडून एकाच दिवशी काढलं तेव्हा थांबलं. तेव्हापासून सिंकबद्दल आम्ही सुरुवातीलाच विचारतो. तुम्हीही साफसफाईआधी सिंक बंद करा आणि तुमचं खातं असलेल्या प्रत्येक मशीनवर ही साफसफाई करा.

क्रोमच्या मेनूत अगदी खाली ‘तुमची संस्था हा ब्राउझर सांभाळते’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली आणि मशीन घरची असली, तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, कुणीतरी नियम घातलेले आहेत. काही अँटिव्हायरसही असे नियम घालतात, पण घुसखोरही घालतात. म्हणूनच एक्स्टेन्शनचं ‘रिमूव्ह’ बटण चालत नाही. रजिस्ट्रीत हात घालू नका, मशीन आमच्याकडे आणा.

शेवटी एक तपासणी करून घ्या. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ या विंडोजच्याच अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन आहे. मशीन रीस्टार्ट होते आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी तपासणी होते. जाहिरातखोर प्रोग्रॅम काढायला मालवेअरबाइट्स या कंपनीचं ॲडव्ह्‌क्लीनर चांगलं आहे आणि फुकट आहे, पण ते मालवेअरबाइट्सच्याच साइटवरून घ्या. साफसफाईच्या नावाने दिसणाऱ्या जाहिराती हाच पुष्कळदा नव्या घुसखोरीचा दरवाजा असतो. आणि मशीनवर अजून विंडोज १० असेल तर लक्षात घ्या, त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. पुढचं काय करायचं ते दुकानात बसून बोलू.

हे मात्र कधीच करू नका

‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असं सांगून काही पानं आता वेगळंच करायला लावतात: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पानाने एक आज्ञा आधीच गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते. तुम्ही एंटर दाबता तेव्हा ती आज्ञा तुमच्याच हाताने कॉम्प्युटरला दिली जाते आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड बाहेर जाऊ शकतात. कुठलीही खरी साइट असं करायला सांगत नाही. कुणी हे केलं असेल तर मशीन लगेच इंटरनेटपासून तोडा, दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदला, आणि गूगल खात्यातून सगळ्या उपकरणांवर लॉग-आउट करा. इथे मात्र आम्ही स्वतःच फॉरमॅट सुचवतो. एखाद्या परक्याने एनीडेस्कवरून बराच वेळ मशीन हाताळली असेल तरीही.

पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करा. हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे. बँकेलाही लगेच कळवा. फोन जितका लवकर, तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर लेखी तक्रारही नोंदवता येते. लाजेपायी दोन दिवस गप्प बसलेले ग्राहक आम्ही पाहिले आहेत. फसवणारे रोज आठ तास हेच काम करतात, तुमच्यावर ती वेळ पहिल्यांदाच आलेली असते. घरच्यांना सांगा, आम्हाला सांगा.

आमच्याबद्दल

‘तुमच्या मशीनमध्ये व्हायरस दिसतोय’ असा फोन आम्ही आपणहून कधीच करत नाही. दूरून दुरुस्ती करायची असेल तर आधी तुम्ही बिलावर छापलेल्या नंबरवर फोन करता, मगच आम्ही कनेक्शन मागतो, आणि काम झाल्यावर ते सॉफ्टवेअर तुमच्यासमोर काढून टाकतो. आमच्या नावाने कुणी वेगळ्या नंबरवरून बोललं तर फोन ठेवा. वरच्यापैकी एखादी अडचण फोनवर बोलून सुटली तर त्याचे पैसे आम्ही घेत नाही.

मशीन आणायची झाली तर डेस्कटॉपचा फक्त सीपीयू आणा, मॉनिटर आणि कीबोर्ड घरीच ठेवा. लॅपटॉप असेल तर चार्जर सोबत आणा. पाटी दिसली तेव्हा मोबाइलवर तिचा फोटो काढता आला तर तोही दाखवा, त्याने आमचा निम्मा वेळ वाचतो.