डोक्याला मार लागला, मग रोज मोबाईलवर २२ प्रश्न

माझी भाची कबड्डी खेळते, वय १६, नाशिकला पंचवटीत मॅटवर प्रॅक्टिस असते तिची. मागे एकदा पकड करताना तिचं डोकं समोरच्या मुलीच्या गुडघ्यावर आदळलं, बेशुद्ध वगैरे काही नाही, उठली, तोंडावर पाणी मारलं आणि परत मॅटवर उभी. घरी आल्यावर म्हणाली, मामा काही नाही झालं. मला या वाक्याचीच भीती वाटते, कारण टीममधली जागा जाईल म्हणून खेळणारी पोरं हे हमखास बोलतात.

डोक्याला झटका बसून मेंदूचं काम काही काळ बिघडतं, याला कन्कशन म्हणतात. बहुतेक वेळा यात शुद्ध जातच नाही आणि सीटी स्कॅनही नॉर्मल येतो, कारण सीटीत रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं, पण इथे बिघाड पेशींच्या आतल्या कामात असतो. झटक्याने मेंदू हलतो, पेशींतलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं, ते परत जागेवर आणायला पेशींना भरपूर ऊर्जा लागते आणि नेमका तेव्हाच मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. मग डोकं जड, ट्यूबलाइट डोळ्यांना टोचते, वाचलेलं राहत नाही, उगाच रडू येतं.

मशीनमध्ये दिसत नाही म्हटल्यावर विचारूनच मोजावं लागतं. जगभर स्कॅट नावाचा फॉर्म वापरतात, सहावी आवृत्ती २०२३ मध्ये आली, त्यात २२ लक्षणं आहेत आणि प्रत्येकाला ० ते ६ मार्क, म्हणजे जास्तीत जास्त १३२. पण डॉक्टरांकडे आठवड्याने गेल्यावर मंगळवारी संध्याकाळी किती दुखत होतं हे कोणाला आठवणार, त्यातून हा आजारच स्मरणशक्तीवर येणारा! हाच फॉर्म मोबाईलवर भरून घेणाऱ्या अ‍ॅपचा खरा उपयोग इथे आहे. दिवसातून दोनदा मोबाईल वाजतो, प्रश्न तेच, उत्तर त्या क्षणाचं आणि सगळ्याचा ग्राफ तयार.

तिच्या ग्राफमध्ये सकाळी ४-५ आणि संध्याकाळी थेट २० च्या आसपास असं रोज दिसायला लागलं. डॉक्टरांनी आधी तेच बघितलं आणि विचारलं, दुपारी काय करतेस? तर गंगापूर रोडला क्लास, सलग दोन तास फळ्याकडे बघत. क्लास अर्ध्या तासावर आणला, चार दिवसांत संध्याकाळचा आकडा उतरला. नुसतं विचारलं असतं तर ती "बरं आहे" एवढंच म्हणाली असती, हे मी खात्रीने सांगतो.

अ‍ॅपवर सगळं सोपवू नका मात्र. सारख्या उलट्या, फिट, वाढत जाणारी डोकेदुखी, हातापायात अशक्तपणा, दोन-दोन दिसणं, यातलं काहीही झालं तर मोबाईल बाजूला ठेवून तडक हॉस्पिटल. आणि मार लागला त्या दिवशी परत खेळायचं नाही म्हणजे नाही. क्रिकेटमध्ये आयसीसीने १ ऑगस्ट २०१९ पासून कन्कशन झालेल्याच्या जागी बदली खेळाडू द्यायला सुरुवात केली, त्याच महिन्यात लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या जागी लाबुशेन उतरला. इतकं मोठं नाव बाहेर बसू शकतं, तर आपली पोरं का नाही?

खेळात परतायच्या सहा पायऱ्या आहेत, प्रत्येकीला किमान २४ तास. पहिले एक-दोन दिवस आराम, मग चालणं, हलकं पळणं, मग एकटीने फुटवर्क. पळताना डोकं थोडं दुखलं तर चालतं, पण दहापैकी दोनपेक्षा जास्त वाढलं की तिथेच थांबायचं. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर ती पळायची तेव्हा मी शेजारी मोबाईल धरून उभा, थांबली की लगेच आकडा विचारायचो.

सध्या तिसरी पायरी चालू आहे. काल सरांनी विचारलं, पकडीला कधी येतेस? म्हणाली, सर, आधी लक्षणं शून्यावर, मग डॉक्टरांची चिठ्ठी, मग पकड.