‘अ‍ॅम्नीजिअ‍ॅक’ म्हणजे उरलंसुरलं नव्हे

नाशिकच्या कॉलेज रोडवर रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडचा विषय निघाला की कुणीतरी ठोकून देतंच: ‘अ‍ॅम्नीजिअ‍ॅक’ म्हणजे आधीच्या ‘किड ए’ अल्बममधून गाळलेली गाणी, शिळ्या कढीला ऊत. अर्धंच खरं. दोन्ही अल्बम १९९९-२०००च्या एकाच रेकॉर्डिंगमधले. डबल अल्बम काढायचाही विचार झाला होता. ऐकणाऱ्याला फार जड होईल म्हणून तो बारगळला.

‘अ‍ॅम्नीजिअ‍ॅक’मधलं ‘पिरॅमिड साँग’ घ्या. ते १९९९मध्येच मैफलीत वाजवून झालं होतं. ऑक्टोबर २०००मध्ये आलेल्या ‘किड ए’मधून बँडने एकही सिंगल (सुटं प्रसिद्ध केलेलं गाणं) काढलं नाही, मे २००१मध्ये हे गाणं मात्र सिंगल म्हणून पुढे केलं. गाळ कुणी असा मिरवतं? हेडफोन लावून ऐका: पियानो असा अडखळतो की ताल धरणारं बोट चुकतंच, ड्रम आल्यावर कुठे जीव भांड्यात पडतो. शेवटच्या गाण्यात तर ब्रिटिश ट्रम्पेटवादक हम्फ्री लिटलटनचा जाझ बँड आहे, ट्रम्पेटसकट. उरलंसुरलं खपवायला एवढा खटाटोप?

‘मॉर्निंग बेल’ हे गाणं दोन्ही अल्बममध्ये आहे, वेगवेगळ्या रूपात. गैरसमजाला तिथूनच खतपाणी मिळालं असावं. जून २००१मध्ये ‘अ‍ॅम्नीजिअ‍ॅक’ ब्रिटनमध्ये पहिल्या, अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेला. त्यातली एक-दोन गोंगाटी गाणी मीही पुढे ढकलतो, ते वेगळं.