०८३२ मधला शून्य कुठे गेला?

आपल्या गोव्याचा एसटीडी कोड ०८३२. हा पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत नुसता आकडा म्हणून टाईप करा, लगेच सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याचा नियम मोडल्याची तक्रार, कारण पायथॉन ३ ला आकड्याच्या सुरुवातीला शून्य चालत नाही. बरं मग अवतरण चिन्हात टाकून त्याला इंट, म्हणजे पूर्ण संख्या करणारं फंक्शन, लावा, तर ८३२ हातात येतं आणि शून्य गायब. यात पायथॉनचं काही चुकलेलं नाही, संख्या म्हणून ०८३२ आणि ८३२ एकच की. मुळात एसटीडी कोड ही संख्याच नाही, ती खूण आहे. पणजीचा पिन ४०३००१, त्यात एक मिळवून काय मोठासा अर्थ निघणार? ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करणार नाही ते स्ट्रिंग म्हणून, म्हणजे अवतरणातला मजकूर म्हणून ठेवा, मग दिसायला ते आकडे का असेनात. फोन नंबर, पिन, बँकेचा खाते नंबर, सगळे त्यातलेच.

आता उलटा घोळ. इनपुट फंक्शनने युजरकडून जे येतं ते कायम स्ट्रिंगच असतं. समजा म्हापशाच्या बाजारातल्या हिशोबाचा छोटा प्रोग्राम केलात, बांगडे माशांच्या एका वाट्याचे २०० आणि पिशवीचे १० असे दोन्ही टाईप करून घेतले आणि बेरीज मारली, तर उत्तर येतं २००१०, म्हणजे दोन मजकूर शेजारी शेजारी चिकटवले. तीन वाटे म्हणून तीनने गुणलं तर २००२००२००! अधिकचं चिन्ह तेच, पण काम काय करायचं ते टाईप ठरवतो, म्हणजे समोर संख्या आहे की स्ट्रिंग यावर ते ठरतं. मात्र स्ट्रिंगमध्ये खरी संख्या मिळवायला गेलात तर पायथॉन टाईप एरर देऊन थांबतो, जावास्क्रिप्ट ही दुसरी भाषा तिथेही गुपचूप चिकटवून मोकळी होते. मला पायथॉनचा हा खडूसपणा आवडतो, नवशिक्याला तोच वाचवतो.

पूर्ण संख्येला पायथॉनमध्ये ठराविक मर्यादा नाही, मेमरी पुरेल तितकी मोठी चालते, २ चा १००० वा घात काढा, ३०२ अंकी उत्तर अगदी शेवटच्या अंकापर्यंत बरोबर. दशांशाचं मात्र तसं नाही. ०.१ अधिक ०.२ केलं की येतं ०.३०००००००००००००००४. कॉम्प्युटर फ्लोट, म्हणजे अशी दशांश संख्या, बायनरीत (फक्त ० आणि १ वापरून) ठेवतो आणि एक दशांश बायनरीत नेमका मावतच नाही, जसा एक तृतीयांश आपल्याला दशांशात लिहिताना ३ संपता संपत नाहीत. म्हणून रुपयांचा हिशोब पैशांत करा, म्हणजे पूर्ण संख्येत, नाहीतर दशांश नेमके ठेवणारं डेसिमल मॉड्यूल आहेच.

मराठीत टाईप करणाऱ्यांसाठी खरी गंमत स्ट्रिंगमध्येच आहे. म्हापसा या शब्दाची लांबी लेन फंक्शनला विचारा. आपल्याला दिसतात तीन अक्षरं, म्हा, प, सा. पायथॉन म्हणतो ७. तो युनिकोडचे (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे) तुकडे मोजतो: म, हलन्त, ह, काना, प, स, काना. २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३ पासून स्ट्रिंग मुळातच युनिकोड आहे म्हणून देवनागरी एवढी सुरळीत चालते, पण शब्द उलटा करून बघा, काने आणि हलन्त भलत्याच अक्षरांना जाऊन चिकटतात. आणखी एक, देवनागरीत ४०३ असं अवतरणात लिहून इंटला दिलंत तर तो बिनतक्रार संख्या करून देतो! थेट कोडमध्ये देवनागरी आकडे मात्र चालत नाहीत.

लिस्टचा, म्हणजे यादीचा, चकवा वेगळाच. चवथीच्या माटोळीची (गणपतीच्या वर टांगतात त्या फळं-भाज्यांची) यादी केली, चिबूड, तोरिंग, आंबाडे. काकांकडची यादी थोडी वेगळी म्हणून 'काका = माटोळी' असं लिहिलं आणि काकांच्या यादीत नारळ घातला, तर तो आपल्याही यादीत दिसतो, कारण यादी एकच आहे, नावं फक्त दोन झाली. वेगळी हवी तर कॉपी मेथड वापरायची. ती सुद्धा वरवरचीच कॉपी करते हं, यादीच्या आत दुसरी यादी असेल तर आतली पुन्हा दोघांत सामायिकच राहते, तिथे कॉपी मॉड्यूलमधलं डीपकॉपी लागतं. आणि यादी कुणी बदलूच नये असं वाटत असेल तर लिस्टऐवजी टपल, म्हणजे न बदलणारी यादी, करा, त्यात नारळ घालायचा रस्ताच नाही.