आइसवाइन आणि नोबल रॉटची वाइन: गोडी सारखी, चव वेगळी

जेवणाच्या शेवटी घ्यायची गोड वाइन पहिल्यांदा निवडताना गोंधळ होतो तो बहुधा दोन प्रकारांपाशी. एक आइसवाइन, म्हणजे वेलीवरच गोठलेल्या द्राक्षांची, आणि दुसरी नोबल रॉटची, म्हणजे बुरशी धरलेल्या द्राक्षांची वाइन. दोन्ही सोनेरी, दोन्ही महाग, दोन्ही बहुतेकदा ३७५ मिलिलिटरच्या अर्ध्या बाटलीत मिळणाऱ्या. जर्मनीच्या नियमांत तर आइसवाइनच्या रसाला साखरेची तीच किमान अट आहे, जी ‘बेरेनआउसलेझ’ या बहुधा बुरशीयुक्त द्राक्षांपासून होणाऱ्या वर्गाला आहे. त्यामुळे कोणती अधिक गोड, या प्रश्नाने निवड पुढे सरकत नाही. द्राक्षातले पाणी कशाने कमी झाले, हे पाहिले तर मात्र बरेच काही उलगडते.

आइसवाइनसाठी निरोगी द्राक्षे वेलीवरच राखून ठेवतात. तापमान जर्मनीत उणे ७, तर कॅनडात उणे ८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले की ती गोठलेल्या स्थितीतच तोडून लगेच दाबली जातात; पाणी बर्फ होऊन मागे राहते आणि साखर व आम्ल एकवटलेला थोडासा दाट रस बाहेर येतो. थंडी चवीत नवे काही घालत नाही, असलेलेच गडद करते. म्हणून रिझलिंग या पांढऱ्या द्राक्षाच्या आइसवाइनमध्ये पीच आणि लिंबाची चव स्वच्छ ओळखू येते आणि तीव्र आंबटपणामुळे एवढी गोडी असूनही घोट जड वाटत नाही. कॅनडात जाड सालीचे विदाल हे द्राक्ष अधिक वापरले जाते. त्याची वाइन जास्त रसाळ, पण रिझलिंगइतकी रेखीव नसते. हिवाळे सौम्य होत चालल्याने हा प्रकार धोक्यात आहे. २०१९ च्या हंगामात पुरेशी थंडीच न पडल्याने जर्मनीतील आइसवाइनचे पीक हातचे गेले.

नोबल रॉटची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि माझ्या मते अधिक रंजकही. बोट्रायटिस सिनेरिया ही बुरशी एरवी द्राक्षबागेची शत्रूच. पण सकाळी धुके आणि दुपारी कोरडे ऊन असा क्रम जमला, की ती पिकलेल्या द्राक्षाची साल सच्छिद्र करते आणि आतले पाणी हळूहळू उडून जाते. फ्रान्समधील सोतेर्न भागात सिरों या छोट्या नदीचे थंड पाणी गारोन नदीच्या तुलनेने उबदार पाण्याला मिळते आणि शरद ऋतूत तिथे असे धुके दाटते. बुरशी सगळ्या द्राक्षांना एकाच वेळी धरत नसल्याने मजुरांना त्याच वेलींकडे पुन्हापुन्हा जाऊन योग्य मणी निवडावे लागतात, आणि किंमत चढण्याचे हे एक मोठे कारण आहे. शातो दिकेम या तिथल्या सर्वांत नावाजलेल्या बागेने, द्राक्षे मनासारखी न उतरल्यामुळे, २०१२ ची वाइन काढलीच नाही.

मुख्य म्हणजे ही बुरशी नुसते पाणी घालवून थांबत नाही. ती द्राक्षातली साखर आणि आम्ल काही प्रमाणात खाते, ग्लिसरॉल हा दाट, गोडसर पदार्थ तयार करते आणि मूळ फळाचा गंध बदलून टाकते. त्यामुळे सोतेर्नच्या वाइनमध्ये मध, केशर, सुके जर्दाळू आणि संत्र्याचा मुरंबा यांच्या छटा येतात, पोत तेलकट मऊ लागतो आणि मद्यार्क बहुधा १३ ते १४ टक्के असतो. जर्मन आइसवाइनमध्ये तो पुष्कळदा याच्या जवळपास निम्माच असतो.

ताज्या फळाची चव आणि आंबटपणा आवडत असेल, तर रिझलिंगच्या आइसवाइनपासून सुरुवात करावी. मुरलेली, थोडी कडवट झाक असलेली गोडी आवडत असेल, तर सोतेर्न घ्यावी. दोन्ही हवे असणाऱ्याने हंगेरीची तोकाई आसू शोधावी, कारण तीही बुरशीचीच असली तरी फुरमिंट या द्राक्षाची आम्लता तिला ताठ ठेवते. लेबल मात्र नीट वाचावे. ‘लेट हार्वेस्ट’ म्हणजे केवळ उशिरा तोडलेली द्राक्षे. ती वाइन स्वस्त आणि सरावाला चांगली असली, तरी तिच्यात गोठण किंवा बुरशी असेलच असे नाही. तोडल्यानंतर शीतगृहात गोठवलेल्या द्राक्षांच्या वाइनला जर्मनीत आणि कॅनडात आइसवाइन म्हणता येत नाही.

सोबतचा पदार्थ वाइनपेक्षा कमी गोड असावा, नाहीतर वाइन नुसती आंबट लागते. फळांच्या मिष्टान्नाशी आइसवाइन जुळते, तर सोतेर्नची खरी जोडी खारट रॉकफोर चीजशी. बाटली साठवून ठेवायची असेल, तर चांगली सोतेर्न किंवा तोकाई घ्यावी, ती दशकानुदशके मुरते. आइसवाइनची गंमत तिच्या ताजेपणात असल्याने मी ती लवकरच उघडेन.