तोफ कुठे आहे, हे तारेने सांगितलं

पावसाळा तोंडावर आला की विदर्भात वीज पडून शेतकरी, गुराखी दगावल्याच्या बातम्या येऊ लागतात. त्यावर हमखास कुणीतरी म्हणतं, 'पायाळू असेल.' पायाकडून जन्मलेल्या माणसावर वीज पडते, ही समजूत साफ खोटी आहे. उघड्या वावरात उभा असलेला कुणीही तितकाच धोक्यात असतो. त्यापेक्षा फोनमध्ये विजेचा इशारा देणारं 'दामिनी' अ‍ॅप ठेवा. विजेतून निघणाऱ्या रेडिओलहरी वेगवेगळ्या ठिकाणच्या संवेदकांपर्यंत किंचित पुढेमागे पोहोचतात, त्या फरकावरून विजेची जागा काढता येते.

हेच गणित आवाजाला लावून शत्रूच्या तोफा शोधणारा शास्त्रज्ञ म्हणजे लॉरेन्स ब्रॅग. क्ष-किरणांनी स्फटिकातली अणूंची मांडणी उलगडल्याबद्दल १९१५चं नोबेल त्याला वडिलांबरोबर मिळालं, तेव्हा तो २५ वर्षांचा होता आणि पहिल्या महायुद्धात आघाडीवर होता. त्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ रॉबर्ट गॅलिपोलीच्या लढाईत गेला.

गणित नागपुरातच मांडून बघू. एक मायक्रोफोन सीताबर्डीच्या किल्ल्यावर, दुसरा अंबाझरीच्या बांधावर. धमाका दोन्हीकडे एकाच क्षणी ऐकू आला, तर तो दोघांच्या बरोबर मधल्या लंबरेषेवर कुठेतरी झाला. सीताबर्डीला एक सेकंद आधी आला, तर ती जागा सीताबर्डीला सुमारे ३५० मीटरने जवळ. अशा सगळ्या बिंदूंची मिळून एक वक्ररेषा होते, तिला अपास्त म्हणतात. तिसरा मायक्रोफोन गोरेवाड्याला ठेवला की दुसरं अपास्त मिळतं. दोन्ही छेदतात तिथे तोफ.

फ्रेंचांनी हे आधीच सुरू केलं होतं, पण घोडं मायक्रोफोनवर अडलं होतं. तोफगोळा ध्वनीपेक्षा वेगाने जातो, त्याचा कडाका आधी येतो, आणि साधे मायक्रोफोन त्यालाच दाद देत. तोफेचा खरा आवाज इतका खालच्या पट्टीतला की कानाला जेमतेम कळतो. ब्रॅगला तो कळला संडासात! खोलीला दुसरी फट नव्हती. बाहेर तोफ उडाली की बैठकीखालून दाब येई आणि तो किंचित उचलला जाई. म्हणजे लहर मंद असली तरी हवा चांगलीच हलवत होती. त्याच्या तुकडीतल्या टकरलाही तोफ उडाली की झोपडीच्या भिंतीतल्या भोकातून गार झुळूक तोंडावर जाणवे. मग १९१६ मध्ये टकरने डब्याच्या भोकावर प्लॅटिनमची बारीक तार ताणली आणि वीज सोडून ती तापवली. तोफेच्या लहरीने हवा भोकातून आतबाहेर झाली की तार गार पडे, तिचा विजेला होणारा रोध घटे, तो रोध तोलून धरणाऱ्या जोडणीचा, म्हणजे ब्रिजचा, तोल ढळे, वीजप्रवाह दाखवणाऱ्या गॅल्व्हानोमीटरची तार हले आणि सरकत्या फिल्मवर खूण उमटे. कडाक्याकडे ही तार जवळजवळ दुर्लक्षच करी. सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ वाचता येई.

तरी ध्वनीचा वेग कायम नसतो. नागपुरात मे महिन्यातल्या ४५ अंशांना तो सेकंदाला साधारण ३५८ मीटर, डिसेंबरच्या १० अंशांच्या पहाटे ३३७. वाऱ्याचा फरक वेगळाच. म्हणून ब्रॅगचे लोक आपल्याच हद्दीत, ठाऊक असलेल्या जागी स्फोट करून त्या दिवसाची दुरुस्ती काढत. मात्र वारा शत्रूच्या दिशेने वाहू लागला की तोफांचा आवाज त्यांच्या डोक्यावरून निघून जाई आणि फिल्म कोरी राही.